पाणपिसवांचं साल

सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते माझ्या दुकानातल्या कापडाशी भांडत होते. पेणला बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत माझा स्क्रीन प्रिंटिंगचा धंदा आहे. लग्नपत्रिका, कापडी पिशव्या, मंडळांचे बॅनर आणि हमरापूरच्या मूर्तिकारांच्या खोक्यांवर ‘सांभाळून उचला’. ऐन सीझन होता, काउंटरपुढे तीन माणसं ताटकळत होती, आणि पांढऱ्या मिशांचा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेला हा माणूस छपाईच्या जाळीचा अख्खा ताका पसरून खिशातल्या भिंगाने धागे मोजत बसला होता.

“काय छापायचंय?” मी विचारलं.

“छापायचं काय नाय. पाणी गाळायचंय.”

“मग गाळणं घ्या. भांड्यांचं दुकान समोर आहे.”

“त्या गाळण्यातून माझी मंडळी सुटतात,” ते मान वर न करता म्हणाले.

मागच्या रांगेतल्या माणसाने मला खूण केली, की डोक्याने जरा असेच दिसतात, कापड द्या आणि मोकळ्या व्हा. मी कापड दिलं. मोकळी मात्र झाले नाही.

सर रोह्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. नदीच्या पाण्यात डोळ्यांना जेमतेम दिसणारे, बरेचसे न दिसणारेच जीव तरंगत असतात. पुस्तकात त्यांना प्राणिप्लवक म्हणतात. सर हा शब्द वर्गापुरता वापरत, बाहेर ती सगळी ‘मंडळी’. दर महिन्याला शंकूच्या आकाराची जाळी नदीतून ओढायची, टोकाच्या बाटलीत जमेल ती मंडळी घरी न्यायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा उद्योग. त्यासाठीचं खास कापड लांबून मागवावं लागे. पत्रिका छापायच्या बारीक जाळीनेही तेच काम होतं हा शोध त्यांना लागला आणि ते माझ्या दारात आले.

चार दिवसांनी ते शिवलेली जाळी घेऊन पुन्हा हजर. शिंप्याने उशीचा अभ्रा शिवून दिला होता. मी ती उसवली, कळीदार परकर बेततात तशा कळ्या काढल्या आणि टोकाकडे निमुळती होईल अशी जोडून दिली. सरांनी ती पंख्याखाली धरली. जाळी वाऱ्याने फुगली तसे तेही फुगले.

“ताई, तू आतापर्यंत पत्रिका छापण्यात वेळ घालवलास,” ते म्हणाले.

“त्यावर घर चालतं, सर.”

“ते पण हाय म्हणा.”

असं आमचं जमलं. मी कुणाच्या भानगडीत फारशी पडत नाही. पण आपली शिवण पाण्यात टिकते का हे बघायला एका सोमवारी, दुकान बंद असतं म्हणून, मी त्यांच्याबरोबर गेले, आणि मग अधूनमधून जातच राहिले.

सर बादली घेऊन आगगाडीत चढत. बादलीत जाळी, दोरी, बाटल्या आणि वर ओला पंचा. डब्यातल्या कोळिणी त्यांना पहिल्यापासून आपल्यातलेच समजत.

“काय मास्तर, कोलंबी काय?”

“कोलंबीची नातवंडं.”

“बघू तरी.” मग त्या बाटलीत डोकावत. “ह्यात तं कायच नाय.”

“हाय. तुला दिसत नाय.”

“आमचा गिऱ्हाईक पण असाच गो,” एक कोळीण मला म्हणाली, “टोपली भरलेली असली तरी त्याला दिसत नाय.”

त्यांच्या घरी स्वयंपाकघराच्या खिडकीत बायकोच्या लोणच्याच्या बरण्या आणि त्यामागे सरांच्या बाटल्या, दर महिन्याची एक. बाईंनी लग्नानंतर लवकरच दोन्हींमध्ये एक फळी ठोकून घेतली होती. “ह्या बाजूचं खायचं, त्या बाजूचं बघायचं,” त्या पाहुण्यांना सांगत. पाहुणे बहुधा दोन्ही टाळत.

सरांचे वडील पेणच्या खारेपाटात मिठागरावर होते. उन्हाळ्यात कोंड्यांतलं, म्हणजे मिठाच्या वाफ्यांतलं, पाणी आटत आलं की गुलाबी व्हायचं, आणि त्यात लालसर किडे पोहायचे. लहानपणी सर ते ओंजळीत धरून बघत बसत आणि मीठ ओढायचं राहून जाई. “बाप ओरडायचा, की माणसाची तहान भागत नाय असल्या पाण्यात तुला काय दिसतं?” ते सांगत. “मला तेच कळेना, की जिथं मासा जगत नाय तिथं हे कसे जगतात. अजून पुरतं कळलेलं नाय.”

त्यांना वर्षं आकड्यांनी आठवत नसत. ज्या साली जाळीत ज्यांची गर्दी जास्त, त्यांचं ते साल. तोंडाशी केसांचं चाक फिरवणारे बारीक जीव असतात, ते चाकवाले. कपाळावर एकच डोळा असलेले, ते एकडोळे. पूर्वी विहिरीच्या पाण्यातून नारू व्हायचा तो या एकडोळ्यांपायी, हे ते न विसरता सांगत. आणि पारदर्शक अंगाची, उड्या मारत पोहणारी, ती पाणपिसू. तुमच्या मुलाचा जन्म कधीचा, असं कुणी विचारलं तर सर म्हणत, “एकडोळ्यांच्या साली.” बाई शेजारून खरी तारीख सांगत.

ऋतूंचंही तसंच. पावसाळ्यात मी एकदा विचारलं, आता जाळी नाही का टाकायची? “टाकतो, पण उत्तर मागत नाय. पावसात नदी घाईत असते.” पुराबरोबर बहुतेक मंडळी वाहून जात. पाणी निवळून संथ झालं की पुन्हा जमू लागत. थंडीत पाणपिसवा, उन्हाळ्यात पाणी तापलं की चाकवाले, एकडोळे थोडेफार बारमाही. आणि एकदा मी डोहाचं स्वच्छ पाणी बघून छान म्हटलं तर ते नाराज झाले. “काचेसारखं पाणी म्हणजे पानं मांडलेली आणि पंगतीला कोण नाय.”

हा डोह म्हणजे त्यांचं दुखणं होतं. निडी स्टेशनला उतरून बरंच चाललं की नदीकाठी एक आदिवासी वाडी लागते. डोह तिच्या खालीच. काही वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात वरून कुठून तरी काळं पाणी आलं आणि डोहातली मासळी एका दिवसात उताणी झाली. कुणी सोडलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. वाडीतली माणसं जंगलात, शेतात मजुरी करतात आणि दिवाळीनंतर पोराबाळांसकट मुकादमाच्या ट्रकमधून वीटभट्ट्यांवर जातात. डोहातली मासळी होती तोवर काही घरं मागे राहत. ती गेली तशी वाडीच्या दारांना कड्या लागू लागल्या.

वाडीतल्या बायकांच्या बचत गटाची मंगळी ही पुढारी. माझ्याच वयाची, आवाज असा की पलीकडच्या तीरावरची म्हैस वळावी. गटाला सरकारी केंद्रातून कटला माशाची पिल्लं मिळण्यासारखी होती. पण एकदा त्यांनी घाई करून सोडली आणि सगळी मेली. तेव्हा सरांनी समजावलं, की कटल्याच्या पिल्लाला पाणपिसू लागते. ती नसेल तर पिल्लं उपाशी मरतील. ती आली की मी सांगतो, मग सोडा.

“आणि ती कुठून येल?” मंगळीने विचारलं होतं. “तिला काय मुकादम आणून सोडतो?”

“गाळात तिची अंडी असतात. वाईट दिवस आले की ती कवचाची अंडी घालून ठेवते. ती थांबतात. वर्षं वर्षं थांबतात.”

“मंग आमी पण थांबतो,” मंगळी म्हणाली.

तेव्हापासून सर डोहावर पोचले की ती काठावरून ओरडे, “आल्या काय, मास्तर, पिसवा?” पहिल्या हिवाळ्यात नुसते चाकवाले निघाले. ते गटारातही तगतात, त्यांचं कौतुक नाही. मग एकडोळे आले. त्यानंतरच्या थंडीत सरांनी बाटली उन्हात धरली आणि मला जवळ बोलावलं. आठ-दहा ठिपके टुणटुण उड्या मारत होते. “पुढच्या साली,” ते मंगळीला म्हणाले, “पुढच्या साली बहुतेक जमेल.”

ते पुढचं साल आलं. दसरा झाला तशा बायकांनी सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून डोहाच्या तोंडाशी बांध घातला. पिल्लांची गाडी यायचा वार ठरला. भट्टीचा मुकादमही फेऱ्या मारू लागला. मंगळीची सून पोटुशी होती आणि तिला भट्टीवर न्यायचं मंगळीच्या जिवावर आलं होतं. तिने मुकादमाला लटकवून ठेवलं, की मास्तर काय सांगतात बघते आणि मग बोलते. तिच्यामागे आणखी सहा घरं थांबली.

आणि सरांची जाळी रिकामी येऊ लागली.

त्या वर्षी पाऊस दिवाळीच्या तोंडापर्यंत लांबला होता, म्हणून पहिल्या खेपेला त्यांनी मनावर घेतलं नाही. दुसऱ्या खेपेला घेतलं. एका दुपारी ते माझ्या दुकानात आले, बादली खाली ठेवली आणि स्टुलावर बसले. चहा सांगितला तर नको म्हणाले, तेव्हा मी हातातलं काम थांबवलं.

“मंडळी गेली,” ते म्हणाले. “चार-दोन एकडोळे. पिसू एक नाय. वर काय तरी पुन्हा झालं असणार.”

“वाडीत सांगितलंत?”

“काल सांगितलं. या साली नको म्हणून.”

“मंगळी काय म्हणाली?”

“काय म्हणणार. सोमवारी मुकादमाचा ट्रक येतोय, त्याला व्हय सांगते म्हणाली. मला चहा पण दिला.” आणि पुढे म्हणाले, “शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.”

मला सांत्वन जमत नाही. मी विचारलं, “माझ्याकडे काय काम होतं?”

काम होतं जाळीची कड उसवल्याचं. ही जाळी माझ्या हातची नव्हती. जुनी जाळी पावसाळ्यात फाटली तेव्हा मी नवीन कापड काढत होते, पण सरांना टाकलेली वस्तू बघवत नसे. कोपऱ्यात बॅनर छापायची एक मोठी फ्रेम रद्दीत काढून ठेवलेली होती. तिचं कापड त्यांनी मागून नेलं. “हे वापरून संपलेलं आहे, सर,” मी म्हटलं होतं. “धुतलेलं हाय ना? मग झालं.” माझा कागदी बेत नेऊन त्यांनी घरच्या मशीनवर जाळी स्वतः शिवली, आणि मला दाखवायला आणली नाही, कारण टाके वाकडे होते.

कड कुठे उसवली ते नीट दिसावं म्हणून मी जाळी काचेच्या टेबलावर पसरली. या टेबलाला खालून दिवे असतात, छपाईचा मजकूर जाळीवर उतरवायला. दिवा लावला आणि आम्ही दोघं बघतच राहिलो. जाळीभर धुरकट डाग होता, आणि त्यातून मोठी मोठी अक्षरं तेवढी लख्ख उजळली होती. अक्षरं उलटी होती. सरांनी जाळी आतून बाहेर केली आणि भिंग न लावता वाचलं.

“भाविकांचे सहर्ष स्वाग... त शिवणीत गेलाय.”

छपाईच्या जाळीवर आधी एक लेप देतात. अक्षरांच्या जागी तो निघतो, बाकी ठिकाणी तसाच बसतो आणि भोकं बुजवतो. काम झालं की धुऊन काढतात, पण जुन्या कापडातून तो पुरता जात नाही, पातळ पापुद्रा राहतो. हे मला बोलून दाखवावं लागलं नाही. सरांनी जाळी उचलली, मागच्या मोरीत नेली आणि तिच्यात बादलीभर पाणी ओतलं. पाणी आत साचून राहिलं, मग काठावरून बाहेर सांडलं. त्यांनी दुसरी बादली ओतली. तीही सांडली.

“नदीत पण हेच झालं असणार,” ते म्हणाले. “जाळी भरली, पाणी तोंडातूनच माघारी. मंडळी दारातून परत गेली.” आणि मग हसायला लागले, इतके की डोळे पुसावे लागले. “दारावर स्वागत लिहिलंय ग, आणि दार बंद.”

मी हसले नाही. माझ्या डोक्यात वार चालले होते. “सर, आज शनिवार आहे.”

“कात्री दे,” ते म्हणाले.

मी ताक्यातलं कोरं कापड फाडलं. त्यांनी कळ्या कापल्या, मी शिवल्या. पत्रिकेचं एक गिऱ्हाईक परत गेलं, जाऊ दे म्हटलं. रविवारी सकाळच्या गाडीने आम्ही निडीला उतरलो. वाटेत सर एकच वाक्य बोलले, “जाळी चुकली म्हणून मंडळी असतीलच असं नाय,” आणि ते खरं होतं. जाळी सदोष होती एवढंच आम्हाला माहीत होतं. डोहात काय आहे ते नव्हतं.

वाडीत बोचकी बांधून दारात ठेवलेली होती. मंगळी गोधडी गुंडाळत होती. आम्हाला बघून तिने विचारलं नाही, पिसवा आल्या काय म्हणून. नुसती मागोमाग आली आणि बांधाजवळ उकिडवी बसली.

सर पाण्यात उतरले. गुडघा दुखत असूनही मला दोरी देईनात. जाळी टाकली, हळूहळू ओढली, वर घेतली. पाणी खळकन गळून गेलं आणि टोकाची बाटली तेवढी भरलेली राहिली. त्यांनी ती उन्हाकडे धरली. ते पाणी दुसऱ्या बाटलीत ओतलं, पुन्हा जाळी टाकली, मग बांधाच्या अंगाला जाऊन तिसऱ्यांदा. तिन्ही बाटल्या त्यांनी बांधावर ओळीने ठेवल्या आणि मंगळीला म्हणाले, “बघ.”

मंगळी वाकली. “हे काय नाचतंय?”

“त्याच.”

“एवढ्या?”

“एवढ्या. परवाही होत्या, आणि दिवाळीतही असणार. पाणी बरोबर होतं. माझी जाळी चुकली. म्हणजे मीच चुकलो.”

त्यांनी तिला कापडाचं सगळं सांगितलं, काही न लपवता. बाकीच्या बायका जमल्या होत्या. कुणीतरी मागून म्हणालं, शिकलेल्या माणसाला एवढं कळू नये? सरांनी त्या दिशेला मान हलवली, की बाई, बरोबर आहे. मंगळीने एकेक बाटली उचलून उन्हात धरली. मग उठली.

“बोचकी सोडा गो,” ती ओरडली. पलीकडच्या म्हशींनी खरंच माना वळवल्या. मग सरांकडे वळून म्हणाली, “मुकादमाला एक माणूस तं द्यायला पायजे. मास्तरांना पाठवू काय भट्टीवर?”

“विटा वाकड्या पाडतील,” मी म्हटलं. “टाके बघा त्यांचे.”

तेव्हा बायका हसल्या, आणि सरही.

गाडी ठरलेल्या वारी आली आणि पिल्लं डोहात गेली. मासळीने वाडी काही श्रीमंत झाली नाही. बरीच घरं गेलीच भट्टीवर. पण ती सात राहिली. शिमग्यानंतर मंगळीने पहिला कटला काढला आणि कोळिणीच्या हाती पेणला पाठवला, दुकानात, अर्धा माझ्यासाठी आणि अर्धा सरांसाठी. दोघांत वाटणी करायला गाडीने रोह्याला कोण जातंय. सरांनी फोनवर सांगितलं, तू अख्खा खा आणि पोटात काय सापडतं ते बघ. मी बघितलं नाही. आमच्याकडे मासा साफ करायचा असतो, तपासायचा नसतो.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सर मुलीकडे सांगलीला गेले. बाटल्या कॉलेजने नेल्या, बाईंनी ती फळी काढली आणि तिथे तुळशीची कुंडी ठेवली. आता कॉलेजातली एक नवी मॅडम मंडळी मोजते. ओढायला सोमवारी मी तिच्याबरोबर जाते, कारण जाळी मी शिवलेली असते. नवीन कापड निघालं की आधी दिव्यावर धरते. महिन्यातून एकदा सरांचा फोन येतो.

“मंडळी कशी हायत?”

“आहेत. या थंडीत पिसवा कमी वाटतात, एकडोळे जास्त.”

“वाटू दे. पुढचं साल बघ.”

गेल्या महिन्यात डोहावर एक चिमुरडी मंगळीच्या पदराला धरून उभी होती. दोन बोटं तोंडात, आणि डोळे आमच्या बाटलीवर. तिची नात. नव्या मॅडमनी विचारलं, किती वर्षांची?

“मास्तर चुकले ना, त्या सालची,” मंगळी म्हणाली.

मॅडमना काही कळलं नाही, त्या माझ्याकडे बघू लागल्या. मी जाळी पिळत होते. संध्याकाळी मी सरांना हे फोनवर सांगितलं. मला वाटलं हसतील. ते म्हणाले, “मी ते पाणपिसवांचं साल म्हणून धरलंय. पण वाडीतलं नाव बरोबर हाय. तेच राहू दे.”

मॅडमना मात्र तिथेच, डोहावर, मंगळीनेच समजावून सांगितलं, आपल्या पद्धतीने. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, “मास्तर चुकले, आणि चुकलो म्हणून सांगायला आले, म्हणून तं हितं जन्मली, घरात. नायतर भट्टीवर झाली असती.”